नऊ दिवस बाहेर जायचंय, बंड्याला कोणावर सोपवू? (पेट सिटर / वॉकरचे अनुभव हवेत)

ओलंनाक (सोमवार, रात्री ११:१०)

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. जुने धागे चाळले, पण ते सगळे पिल्लू आणू की नको यावरच आहेत.

तर आमचा बंड्या. धड कुठल्याच जातीचा नाही, चार वर्षांचा, १८ किलो, दीड वर्षापूर्वी शेल्टरमधून आणलेला. घरात गरीब गाय, पण बाहेर हेल्मेट घातलेला माणूस दिसला की बिथरतो आणि बिथरला की मागे मागे सरकत पट्ट्यातून मान काढून घेतो, दोनदा केलंय त्याने हे. पुढच्या महिन्यात आम्हा दोघांनाही नऊ दिवस बाहेर जावं लागतंय, त्याला नेणं शक्य नाही. आजवर जी मैत्रीण सांभाळायची ती दुसरीकडे राहायला गेली.

शोधाशोध करून दोघं शॉर्टलिस्ट केलेत. दोघंही आमच्या घरी येऊन राहायला तयार आहेत.

एक आहे कॉलेजातला मुलगा. दारातूनच "अलेले बाळ माझं" करत आला, थेट फतकल मारून बसला, आणि बंड्या त्याच्यासमोर दोन मिनिटांत उताणा! नवऱ्याने तिथेच निकाल लावला, हाच.

दुसऱ्या एक पन्नाशीच्या बाई. दहा मिनिटं बंड्याकडे ढुंकून पाहिलं नाही हो! खुर्चीत तिरक्या बसून मलाच प्रश्न. शी कशी असते, दिवसातून किती वेळा, शेवटची उलटी कधी झाली, कोणाला चावलाय का, कुठे हात लावलेला आवडत नाही, रात्री कुठे झोपतो. हसल्या बहुतेक एकदाच. जाताना बंड्याने त्यांचा हात हुंगला, बस्स.

नवरा म्हणतो त्या चौकशी अधिकारी आहेत, कुत्र्याला प्रेम लागतं. मला कळत नाहीये. तुम्ही कसं ठरवता?

मांजरमावशी (सोमवार, रात्री ११:३२)

बाई. डोळे झाकून बाई.

दुपारचीझोप (मंगळवार, सकाळी ७:०५)

मावशींना +१, आणि कारण सांगतो. नवीन कुत्र्याच्या घरात गेल्यावर त्याच्याकडे न बघणं, तिरकं बसणं, हात पुढे न करता त्याला येऊ देणं हे ज्याला कुत्री कळतात तोच करतो. ते दुर्लक्ष करणं नाहीये, ती त्याला दिलेली सवड आहे.

आणि उताणं पडण्याबद्दल. ते दर वेळी "पोट खाजवा"च असतं असं नाही, घाबरलेलं कुत्रंसुद्धा "मला काही करू नका" म्हणून उताणं पडतं. फरक बघायचा असेल तर शेपूट बघा. अंग सैल, तोंड उघडं, शेपूट इकडेतिकडे लोळतेय तर खुशीत आहे. शेपूट पायांत पोटाशी घट्ट, तोंड मिटलेलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, ओठ चाटतोय किंवा झोप आलेली नसताना जांभया देतोय, तर तो फक्त तुमचा तो कॉलेजातला मुलगा निघून जायची वाट बघत होता. व्हिडिओ काढला होतात का?

ओलंनाक (मंगळवार, सकाळी ८:४०)

अरे देवा. नवऱ्याने काढला होता, आत्ता परत बघितला. शेपूट पायांत. तोंड मिटलेलं. आणि मुलगा पोटावर थापट्या मारतोय तेव्हा दोनदा ओठ चाटलेत. दीड वर्ष ज्याच्यासोबत राहतेय त्याचं मला हे दिसलं नाही.

(मुलाला नावं ठेवत नाहीये, तो खरंच प्रेमळ आहे. त्यालाही दिसलं नसेल.)

खिडकीतलीजास्वंद (मंगळवार, सकाळी ११:१५)

माझा आयडी असा का आहे ते आज सांगते.

तीन वर्षांपूर्वी सहा दिवसांसाठी कुत्री एका सिटरवर सोपवली होती. घर आमचं, ती दिवसातून तीनदा येणार, फिरवणार, खायला घालणार आणि रोज फोटो पाठवणार असं ठरलं होतं. फोटो इतके गोड यायचे की विचारू नका, खिडकीत उन्हाला बसलेली आमची म्हातारी, खाली "मिस यू मम्मा" वगैरे. मीही इकडे सगळ्यांना दाखवत सुटलेले.

चौथ्या दिवशी रात्री झोप येईना म्हणून फोटो चाळत होते आणि लक्षात आलं की तीन दिवसांच्या तीन फोटोंमध्ये मागच्या कुंडीतल्या जास्वंदीला तेच एक फूल आहे. त्याच फांदीवर, तशीच एक पाकळी दुमडलेली. अहो जास्वंदीचं फूल एक दिवस टिकतं, संध्याकाळी मिटून जातं! तिने पहिल्याच दिवशी खिडकीत पंधरा-वीस फोटो काढून ठेवले होते आणि रोज एकेक सोडत होती.

त्याच रात्री शेजारणीला उठवून पाठवलं. पाण्याचं भांडं कोरडं, बाल्कनीत दोन दिवसांची घाण, कुत्री दाराशी पडून. जिवाला काही झालं नाही, नशीब. ती नंतर म्हणाली की ताप होता म्हणून दोन दिवस जमलं नाही, आणि "तुम्हाला टेन्शन नको म्हणून" सांगितलं नाही. ताप खरा असेलही हो. पण एक फोन केला असता तर शेजारीण होतीच की.

तेव्हापासून मी फोटो मागतच नाही. रोज तीन गोष्टी लिहून मागते, किती खाल्लं, शी कशी झाली, आणि आज काय बिनसलं. तिसऱ्याचं उत्तर सलग चार दिवस "काही नाही" आलं तर मी कोणालातरी घरी पाठवते. बिनसल्याशिवाय दिवस जातो का कधी जनावराचा?

शून्यमिशी (मंगळवार, दुपारी १२:०२)

जास्वंद _/\_ डिटेक्टिव्ह आहात.

मांजरमावशी (मंगळवार, दुपारी १:२०)

हा किस्सा वाचून काटा आला अंगावर.

मांजरवाल्यांसाठी थोडं अवांतर. लोकांना वाटतं मांजर आहे, खाणं भरून ठेवलं, पाणी ठेवलं, तीन दिवस आरामात जातील. नाही हो. दिवसातून एकदा तरी माणूस आत यायला हवा आणि त्याने मांजर डोळ्यांनी बघायला हवं. "पलंगाखाली असेल" चालणार नाही. दोन कारणं आहेत.

मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं, त्यातून ते जाडजूड असलं, तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं. कुत्र्यासारखं "भूक लागली की खाईल" तिथे चालत नाही. आणि बोका असेल तर लघवी अडकण्याचा प्रकार. लिटर बॉक्समध्ये परत परत जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि लघवीने वाळूचा होतो तो गोळा एकही नाही. सिटर म्हणते बद्धकोष्ठ दिसतंय, उद्या बघू. उद्यापर्यंत थांबायचं नाही, रात्री दोन वाजले तरी डॉक्टर गाठायचा. म्हणून माझ्या सिटरला मी लिटरमधले गोळे मोजून लिहायला सांगते. पहिल्यांदा तिला वाटलं मी वेडी आहे.

आणि लिली! सिटरने स्वतःच्या हौसेने घरात फुलदाणी सजवली, त्यात लिली होती, असं आमच्याकडे घडलंय. मांजराने पान चावलं, नुसता अंगावर पडलेला पराग चाटला तरी किडन्या जातात. मी आता दारावरच चिठ्ठी लावते, "घरात फुलं आणू नये".

ढगोबा (मंगळवार, दुपारी ३:४५)

मला कळत नाही एवढा विचार का करता. घरात कॅमेरे लावा ना चार. सांगायचंही नाही. ज्याला चोरी करायची तो करतो आणि सापडतो. मी तेच केलंय.

सहापट्टे (मंगळवार, रात्री ९:५०)

मी सहा वर्षं हेच काम करतेय, वॉकिंग आणि घरी राहून सांभाळणं दोन्ही, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ढगोबा, हॉलमध्ये आणि दाराशी कॅमेरा लावा, जरूर लावा, मी स्वतः क्लायंटला लावायला सांगते कारण कधी वाद झाला तर तो माझ्याच कामाला येतो. पण सांगून लावा. मी रात्री त्या घरात झोपते, कपडे बदलते. न सांगितलेला कॅमेरा मला सापडला तर मी तुमचं कुत्रं टाकून जाणार नाही, तुम्ही येईपर्यंत सांभाळीन, पण नंतर तुमचा फोन उचलणार नाही, आणि आमच्यातल्या बाकीच्याही उचलणार नाहीत कारण आम्ही एकमेकींशी बोलतो.

आता ओलंनाक ताई तुमच्यासाठी. त्या बाईंनी "चावलाय का" विचारलं ते वाचून बरं वाटलं, कारण आमचं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे, मालक खरं सांगत नाहीत. "नाही हो, कोणाला काही करत नाही" असं सांगून सोपवलेल्या कुत्र्याने माझ्या उजव्या हाताला चार टाके घातलेत, नंतर फोनवर म्हणे "हां, खाताना भांड्याजवळ गेलं की थोडा गुरगुरतो, ते सांगायचं राहिलं". खोटं बोलून तुम्हाला सिटर मिळेल पण ती नेमकी तुमच्या कुत्र्याच्या भांड्याजवळ हात घालेल. उलट खरं सांगितलंत तर आम्ही भांडं ठेवून खोलीबाहेर जातो, संपला विषय. खोटं मालक बोलला काय आणि सिटर बोलली काय, निस्तरायला जनावरच असतं.

पट्ट्यातून मान काढणाऱ्या कुत्र्यांचं सांगते. नुसत्या गळपट्ट्यावर त्याला परक्या माणसाच्या हाती कधीच देऊ नका. नीट बसणारा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या, ज्याला छातीमागे पोटापाशी अजून एक पट्टा असतो तसला, कारण मागे सरकून निसटणारी कुत्री साध्या हार्नेसमधूनही निसटतात. शिवाय गळ्यात मार्टिंगेल पट्टा, जो ओढला की थोडा आवळतो आणि मान निघू देत नाही, आणि दोन्हींना जोडणारी दोरी. ती गुंडाळत जाणारी लांब लीश अजिबात नको, हातातून हँडल सुटलं की ते खडखडत कुत्र्याच्या मागे येतं आणि घाबरलेलं कुत्रं त्यापासून जे पळत सुटतं ते सुटतंच.

आणि मुलाखतीत एकच प्रश्न विचारा, "तुमच्या हातून कुत्रं सुटलं तर काय कराल?" "माझ्या हातून सुटत नाही" असं उत्तर आलं तर चहा पाजून.. सॉरी, नमस्कार करून रवाना करा. सुटतं. सगळ्यांच्या हातून एकदा तरी सुटतं. ज्याला माहितीये तो म्हणेल की मागे धावणार नाही, हाका मारत सुटणार नाही, खाली बसेन, तिरकी वळेन, हवं तर उलट्या दिशेने चालेन, मालकाला लगेच फोन करेन, जिथून सुटलं तिथे मालकाचा न धुतलेला कपडा ठेवीन. घाबरून पळणाऱ्या कुत्र्याला मागे धावणारा माणूस दिसला की त्याच्यासाठी तो शिकारीच असतो, तो माणूस तुम्ही असलात तरी.

अजून एक, मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती) आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. तिच्यात बॅटरी नसते, ती कुठे आहे ते सांगत नाही, स्कॅनर धरला की १५ आकडी नंबर दिसतो एवढंच. त्या नंबरापुढे नोंदलेला फोन जुना असेल तर चिप असून नसल्यासारखी. आणि तुम्ही विमानात असाल तेव्हा तुमचा फोन लागणार नाही, म्हणून तेवढ्या दिवसांपुरता पट्ट्यावर सिटरचा नंबर असलेला बिल्ला लावा. हे कोणी करत नाही.

बाकीचं उद्या लिहिते, पहाटे पाचला पहिलं कुत्रं आहे.

दुपारचीझोप (मंगळवार, रात्री १०:१५)

सहापट्टे, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय.

पोपटपंची (बुधवार, सकाळी ९:३०)

आमच्याकडे ना भूभू ना माऊ, एक पोपट आहे, त्यामुळे घुसखोरी करतोय. सिटर घरी राहणार असेल आणि स्वैपाक करणार असेल तर नॉनस्टिक तवे-कढया आधी कपाटात बंद करून चावी घेऊन जा. ते भांडं रिकामं तापत राहिलं की त्या कोटिंगचा जो धूर निघतो त्याने पक्षी मिनिटांत मरतात, माणसाला वासही येत नाही धड. दोन पानी सूचना लिहिल्या होत्या पण त्यात तव्याचा विषय नव्हता. सिटर पक्षीवाली होती म्हणून तिनेच विचारलं. मला शून्य माहिती!

शून्यमिशी (बुधवार, सकाळी ९:५८)

आणि मासेवाले? मी चार दिवस गेलो होतो, शेजाऱ्याला सांगितलं चिमूटभर टाक. त्याला दया आली. परत आलो तर टाकी दुधासारखी. धडधाकट मोठे मासे चार दिवस उपाशी निवांत राहतात, दयेने मरतात. (दिवे घ्या, म्हणजे हलकंच घ्या.)

कानपाडका (बुधवार, दुपारी २:१०)

दोनदोन सिटर बघताय, पण बोर्डिंगचा विचार केलात का? आमची लॅब्रॅडॉर घरात परकं माणूस आलं की दिवसभर भुंकते, बोर्डिंगला मात्र बाकीच्या कुत्र्यांमध्ये मजेत असते, परत यायला तयार नसते. सगळ्यांनी बोर्डिंग म्हंजे तुरुंग असं ठरवूनच टाकलंय.

फक्त आधी न कळवता जाऊन बघा, आतपर्यंत नेत नाहीत तिथे ठेवू नका. रात्री माणूस हजर असतो की कुलूप लावून जातात ते स्पष्ट विचारा, आम्ही दोन वर्षांनी विचारलं तेव्हा कळलं की रात्री कोणीच नसतं. लसी आधीच करून घ्या, केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) पण, आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही.

ओलंनाक (बुधवार, दुपारी ४:२५)

कानपाडका, शेल्टरमधून आलाय ना हो तो, पिंजरे दिसले की थरथरतो. व्हेटकडेही आम्ही बाहेर झाडाखाली थांबतो. म्हणून घरीच.

बाकी सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ठरवलंय की दोघांनाही रविवारपर्यंत एकेक ट्रायल फेरी द्यायची, पैसे देऊन, आणि परत आल्यावर जास्वंदचा प्रश्न विचारायचा, आज काय बिनसलं?

सहापट्टे (बुधवार, रात्री ९:३५)

ट्रायलचे पैसे देताय हे छान. उरलेलं लिहिते.

औषधं असतील तर "सकाळ-संध्याकाळ एक गोळी" एवढं लिहू नका. किती वाजता, कशात घालून, थुंकली तर परत द्यायची की नाही, उशीर झाला तर काय. फिट्सच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर त्यानेच फिट येऊ शकते. माझ्याकडे एक डायबेटिक मांजर होतं, दर १२ तासांनी इन्सुलिन. सिरिंज संपल्या, मालकाने फोनवर सांगितलं कुठल्याही मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज घे. घेतली. टोपण केशरी निघालं, घरातल्या जुन्यांचं लाल होतं, म्हणून हात थांबला. बाटलीवर ४० युनिट लिहिलेलं, सिरिंज १०० ची. त्या रेघांवर मोजून दिलं असतं तर डोस अडीच पटीने कमी पडला असता, आणि उलटी गल्लत झाली असती तर अडीच पट जास्त, मग मांजराच्या जिवावर बेतलं असतं. तेव्हापासून मी टोपणाचा फोटो पाठवल्याशिवाय पहिलं इंजेक्शन देत नाही.

डॉक्टरांना आधी कळवून ठेवा की अमुक तारखांना ही बाई आणेल, उपचार करा, अमुक रकमेपर्यंत मला न विचारता करा. ती रक्कम लिहून द्या. रात्री तीनला तुमचा फोन बंद आणि डॉक्टर विचारतायत ऑपरेशन करू का, तेव्हा मी काय सांगू? मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो ना, त्यात तास मोजावे लागतात. उलटीची उबळ येतेय पण पडत काही नाही आणि पोट ढोलासारखं, हे दिसलं की विचारायला वेळ नसतो. तुमचा १८ किलोचा आहे, धोका कमी, तरी कागद हवाच.

चावी एक मला आणि एक शेजारी कोणाकडे तरी. मी जिन्यात पाय मोडून पडले तर?

आणि पहिले दोन दिवस तो नीट खाणार नाही, धरूनच चाला. माझ्याकडचं कोणी खाल्लं नाही की मी तसंच कळवते, तर काही मालक लगेच चिडतात, "आमच्याकडे तर खातो". मग सिटर हळूहळू शिकते की गोड तेवढंच कळवायचं. तो जास्वंदीच्या फुलाचा प्रकार काही अंशी मालकांनीच शिकवलेला असतो, राग नको.

खिडकीतलीजास्वंद (बुधवार, रात्री १०:०५)

राग नाही. खरंय ते. मी पहिल्या दिवशी तिला तीनदा फोन करून "रडत नाहीये ना" विचारलं होतं.

ओलंनाक (रविवार, रात्री ९:००)

ट्रायलचा वृत्तांत.

शनिवारी मुलगा घेऊन गेला. ४० मिनिटांनी आले. विचारलं, काय बिनसलं? "काहीच नाही, एक नंबर, मस्त पळाला!" बंड्या पाणी पिऊन सरळ पलंगाखाली.

आज बाई. त्या २५ मिनिटांतच परत. प्रश्न विचारायची वेळच आली नाही, दारातच सुरू. "कोपऱ्यावर हेल्मेटवाला थांबला होता, हा गोठला, मी रस्ता ओलांडून पलीकडून आणला. त्यानंतर त्याने दोनदा अंग झटकलं पण खाऊ घेतला नाही, म्हणून पुढे नेलं नाही. उजवा मागचा पाय उतारावर थोडा आखडून टाकतो, नखं वाढलीत, तेवढंच असेल तर बरं. आणि तुमच्या लीशचा हुक बदला."

मी म्हटलं, हुकाला काय झालं? त्यांनी लीश माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या अंगठ्याने दाबून सोडा. दाबला, सोडला. ती छोटी दांडी परत जागेवर यायला हवी ना, ती आली पण पूर्ण नाही, कागद जाईल एवढी फट राहिली. आत बारीक वाळू आणि गंज. मी परत दाबला, या वेळी फट अजून मोठी. दीड वर्ष रोज दोनदा तो हुक मी लावतेय. अंगठ्याला सवय झालेली, डोळे कधी गेलेच नाहीत तिकडे.

नवरा बराच वेळ तो हुक उघड-मीट करत बसला होता. मग म्हणाला, बाईंना सांग.

मांजरमावशी (रविवार, रात्री ९:१२)

म्हटलं होतं की नाही!

ढगोबा (रविवार, रात्री ९:४०)

मुलाची बाजू घेतो जरा. त्याने काही चूक केली नाही, त्याला दिसलं नाही. विशीत मलाही नसतं दिसलं. बाईंना ताप आला तर कोण येणार? त्याला सोडून देऊ नका.

ओलंनाक (रविवार, रात्री ९:५५)

नाही सोडत. त्याला राखीव ठेवतोय, पैसे देऊन. आणि बाईंनी स्वतःच सांगितलं की जायच्या आधी दोन फेऱ्या त्याला बरोबर घेऊन जाते. तो बिचारा लगेच तयार झाला. कॅमेरा हॉलमध्ये, सांगून :)

कानपाडका (चौदा दिवसांनी, सकाळी १०:२०)

ओलंनाक, निघालात का? खबरबात?

ओलंनाक (त्याच दिवशी, रात्री ११:३०)

आज पाचवा दिवस. रोज रात्री बाईंचा मेसेज येतो, एकही बदाम नाही, एकही "मिस यू" नाही. वाचा:

पहिला दिवस: "सकाळचं खाल्लं नाही. रात्री निम्मं. दाराशी झोपला, मी गादी हॉलमध्ये आणली."

दुसरा: "शी पातळ, एकदा. पाणी पितोय. खाणं थोडं कमी केलं."

तिसरा: "शी बरी. दुपारी तुमचा टीशर्ट टोपलीतून काढून घेतला, राहू दिला."

आणि चौथा, म्हणजे काल. रात्री नाही, दुपारी फोन. "माझी चूक झाली, आधी तीच सांगते. पार्सलवाला आला, मी सही करत होते, आतलं जाळीचं दार ओढायचं राहिलं. तो जिन्यातून एक मजला खाली गेला. मी वरच्या पायरीवर बसले, हाक मारली नाही. दोन मिनिटांनी आला. लागलेलं नाही, पाय बघितले. आता जाळीच्या दाराला आतून दोरी बांधलीय."

नवरा भडकला. म्हणे एवढ्या प्रश्न विचारणाऱ्या बाई आणि दार उघडं? मी मात्र त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपले. का ते त्याला समजावता आलं नाही मला. कॅमेऱ्यात दिसलं नसतं हो ते, दार कॅमेऱ्याच्या मागे येतं. त्यांनी सांगितलं नसतं तर आम्हाला जन्मात कळलं नसतं.

दुपारचीझोप (रात्री ११:५०)

नवऱ्याचं भडकणं पण बरोबर आहे हां. उघडं दार ही छोटी चूक नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

सहापट्टे (दुसऱ्या दिवशी, पहाटे ४:४०)

मी त्यांच्या जागी असते तर आज सांगितलं असतं. पहिल्या वर्षी मात्र नसतं सांगितलं, खरं बोलते. तेव्हा एक कुत्रं अर्धा तास बागेत सुटलेलं होतं माझ्या हातून, त्या मालकांना अजून माहीत नाही. ते मला दर वर्षी बोलावतात. दर वर्षी जाते आणि दर वर्षी त्या बागेवरून जायचं टाळते.

चिडा, हक्क आहे तुमचा. फक्त त्यांच्यावर आवाज चढवू नका, अजून चार दिवस आहेत.

शून्यमिशी (सकाळी ८:१५)

सहापट्टे, हे लिहायला धाडस लागतं.

ओलंनाक (पाच दिवसांनी, रात्री १०:४५)

आलो परत. बंड्या ठीक, वजन करून घेतलं, १७.८. नखं कापलेली. नऊ दिवसांची वही टेबलावर, त्यात शेवटच्या पानावर "पाय अजून आखडतो, डॉक्टरांना दाखवा". दाखवला, गुडघ्याची वाटी सरकतेय थोडी, सध्या वजन वाढू द्यायचं नाही आणि उड्या कमी, ऑपरेशनचं आत्ता काही नाही.

नवरा आवाज न चढवता दाराबद्दल बोलला. बाईंनी ऐकून घेतलं, एका दिवसाचे पैसे कमी करा म्हणाल्या. त्याने कमी केले नाहीत.

व्यनित (खाजगी निरोपात) तिघांनी त्यांचा नंबर मागितलाय. त्यांना विचारलं, म्हणाल्या महिन्यात दोनच घरं घेते, सध्या नको. पुढच्या वेळच्या तारखा मात्र माझ्याकडून आत्ताच लिहून घेतल्या आणि निघताना दारात थांबून विचारलं, हुक बदलला का?

बदललाय.